खुलासा : बॅक्टेरियात केंद्रक सापडलेलं नाही

‘स्टॅनफर्डच्या ल्यूसी शापिरो यांनी बॅक्टेरियात केंद्रक शोधलं, पुस्तकं चुकीची ठरली,’ असा मेसेज फिरतोय. चूक आहे. बॅक्टेरियाला केंद्रक (डीएनए ठेवणारा पेशीतला वेगळा कप्पा) नसतं, आणि शापिरोबाईंनीही तसं कधी म्हटलेलं नाही.

त्यांनी मोडीत काढला तो वेगळाच समज : केंद्रक नाही म्हणजे आत सगळी सरमिसळच. गोड्या पाण्यातला कॉलोबॅक्टर नावाचा बॅक्टेरिया त्यांनी 1960च्या दशकाच्या अखेरीपासून अभ्यासला. हा विभागला की दोन वेगळ्या पेशी होतात. एक देठाने चिकटून बसते आणि लगेच डीएनएची प्रत काढायला घेते. दुसरी शेपटीने पोहत सुटते, पण शेपूट टाकून देठ फुटेपर्यंत तिला प्रत काढता येत नाही. तिला रोखून धरतं सीटीआरए नावाचं प्रथिन. म्हणजे कुठलं प्रथिन कुठे आणि केव्हा, हे ठरलेलं असतं.

1993 मध्ये जॅनिन मॅडॉक आणि शापिरो यांनी ई. कोलाय या आतड्यातल्या बॅक्टेरियामध्येही रसायनं हुंगणारी प्रथिनं टोकांशी गोळा झालेली दाखवली. (तीही केंद्रकाविनाच!)

शापिरोंना अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं, हा मेसेजमधला भाग मात्र खरा.