सुनीचा फिल्टर, मिल्याचं मशीन

"पंचेचाळीस हजारांचं मशीन, आणि त्यातून येतं किती, तर तीस मिली?" बंड्याने शेंगदाण्याची पुडी बाजूला ठेवली. बंड्या खाणं थांबवतो म्हणजे मामला गंभीर.

विषय गटारीचा. सरकारने २०२५च्या जूनमध्ये दारूवरचा कर वाढवला त्याच आठवड्यात शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर ठराव झाला होता, की यंदा बाहेर नाही, कुणाच्या तरी घरी. मग मिल्या लोअर परळच्या कुठल्याशा बारमध्ये जाऊन एस्प्रेसो मार्टिनी पिऊन आला. एका ग्लासाचे हजार आणि वर टॅक्स. शहाणा माणूस घरी येऊन गप्प झोपला असता. मिल्याने एस्प्रेसोचं मशीन मागवलं, शेकर मागवला, काचेचे निमुळते ग्लास मागवले आणि आम्हाला जाहीर केलं, की यंदाची गटारी त्याच्याकडे, कॉफी कॉकटेल नाइट.

"नऊ बार प्रेशर आहे त्याला," मिल्या म्हणाला. "त्याशिवाय कॉफीवर क्रेमाची साय येत नाही. क्रेमा नाही तर फेस नाही, आणि फेस नाही तर ती मार्टिनीच नाही."

"एका बारचं बिल परवडेना, म्हणून घरात नऊ बार आणलेस," सुनी म्हणाली.

आप्पासुद्धा हसले. आप्पा एक्साइजमधून रिटायर झालेत आणि सहसा फक्त कायद्याच्या चुकांना हसतात.

मिल्याने मग फोन काढून कृती वाचायला घेतली. व्होडका ५० मिली, कलुआ (म्हणजे कॉफीची गोड दारू) ३०, साखरेचा पाक १०, एक कडक एस्प्रेसो, बर्फ घालून जोरात हलवायचं, गाळायचं, वर कॉफीच्या तीन बिया. तीनच का, हे बंड्याने विचारलं. मिल्याने 'बॅलन्स' असं काहीतरी उत्तर दिलं. तो लंडनला दीड वर्ष राहून आला तेव्हापासून त्याच्याकडे सगळ्याचं उत्तर बॅलन्स आहे. पार्कात रणजीची प्रॅक्टिस बघतानाही तो बॅलन्स शोधतो.

"तुझ्या लंडनचीच गोष्ट आहे ना ही?" सुनी म्हणाली. "डिक ब्रॅडसेल. १९८०च्या दशकात सोहोमधल्या बारमध्ये होता. एक मॉडेल आली, म्हणाली आधी मला जागं कर आणि मग पार झोपव. तिचे शब्द जरा वेगळे होते, आप्पा बसलेत म्हणून सांगत नाही. त्याने व्होडकात एस्प्रेसो का घातली माहितीये? कारण तो जिथे दारू ओतायचा तिथेच शेजारी कॉफीचं मशीन होतं. सगळीकडे कॉफीचा चोथा सांडलेला असायचा. हाताशी होतं ते त्याने वापरलं. आता आपल्या ओट्यावर हाताशी काय असतं?"

"फिल्टर," मी म्हणालो. (माझ्या ओट्यावर नसतो. पण सुनी विचारते तेव्हा बरोबर उत्तर द्यायचं, ही शाळेपासूनची सवय.)

"पितळी फिल्टर. रात्री माटुंग्याची पावडर भरायची, उकळतं पाणी घालायचं, सकाळी दाट डिकॉक्शन तयार. ते गारच असतं, म्हणजे बर्फ भसाभस वितळत नाही. तुझी गरम एस्प्रेसो शेकरमध्ये ओतलीस की अर्धा बर्फ पाणी होऊन त्यातच बसतो."

"पण तुमच्या पावडरीत चिकोरी असते!" मिल्या असा ओरडला, की जॉगिंग करणाऱ्या काकू वळून बघायला लागल्या. "ती भेसळ आहे!"

"पाकिटावर छापून विकतात त्याला भेसळ म्हणत नाहीत. भाजलेली मुळी आहे ती. अंगाने दाट, चवीला थोडी कडसर, आणि कॅफिन शून्य. तुझ्या वयाला उलट बरी."

मिल्या आणि सुनी एकाच बॅचचे आहेत, हे इथे सांगायला हवं.

फेसाचा मुद्दा मात्र मिल्याच्या बाजूचा होता, आणि सुनीने तो मान्यही केला. फिल्टरच्या कॉफीला मशीनइतका फेस येत नाही. त्यावर तिचा उपाय दुहेरी. शेकरमध्ये चिमूटभर इन्स्टंट कॉफी टाकायची, ती हलवली की फेसाळतेच. नाहीतर छोले शिजवलेलं पाणी घ्यायचं, दोन चमचे. अंड्याच्या पांढऱ्याच्या जागी बारवाले हल्ली तेच घालतात.

"म्हणजे चखणा ग्लासातच टाकायचा," बंड्या म्हणाला. "वेळ वाचला."

इथून पुढे दहा मिनिटं काय बोलणं झालं ते लिहिण्यासारखं नाही.

कलुआवर गाडी परत आली ती आप्पांमुळे. इम्पोर्टेड बाटलीची किंमत ऐकून ते तळमळत होते. खात्यातून बाहेर पडून वर्षं झाली तरी त्यांना आकडे तोंडपाठ. करवाढीनंतर भारतीय बनावटीचं विदेशी मद्य १८० मिलीला किमान २०५ रुपये, नवीन काढलेली महाराष्ट्र मेड लिकर १४८, देशी ८०. कुणी विचारलेलं नसतं.

"कलुआ घरी होतो, आप्पा," सुनी म्हणाली. "दाट डिकॉक्शनमध्ये साखर विरघळवायची, पूर्ण गार करायचं, मग तेवढीच रम ओतायची आणि व्हॅनिलाचे दोन थेंब. बाटलीत भरून आठवडाभर विसरायचं. फक्त रम गॅसवर ठेवायची नाही, भुवया जातात."

आप्पांनी लगेच बोटांवर हिशेब मांडला. "आपली रम ४२.८ टक्के. निम्मी रम, निम्मा पाक. साधारण २१ टक्के झालं. कलुआ १६ ते २०, कुठल्या देशात घेता त्यावर. म्हणजे थोडी कडकच!" त्यांचा चेहरा उजळला. बदलापूरच्या धाडीनंतर मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

"बघ," सुनी मिल्याला म्हणाली, "मशीनशिवाय, कलुआशिवाय."

"आणि व्होडकाशिवाय," बंड्या म्हणाला. "रमच घालायची. ओल्ड मंक. मी तर म्हणतो लग्नात ती मशीनची कॉफी असते ना, फुसफुसत येणारी, वर चॉकलेट पावडर भुरभुरलेली, तिच्यात एक पेग. बास."

बंड्या १९९३पासून प्रत्येक चर्चा ओल्ड मंकवर आणून सोडतो. अर्थसंकल्पाचीही.

मिल्याला हे सहन होईना. पुढचा पेच त्याने आयरिश कॉफीचा टाकला. क्रीम वर तरंगतं कसं, सांगा. सुनीने उसासा टाकला. कॉफीत साखर पाहिजे, साखरेने ती जड होते, आणि क्रीम अर्धवट फेटून चमच्याच्या पाठीवरून हलके सोडायचं. बिनसाखरेची कॉफी करशील तर क्रीम तळाला जाईल. आणि टेट्रापॅकमधलं २५ टक्के फॅटचं क्रीम फेटत बसू नकोस, ते उभं राहत नाही.

"साय?" बंड्याने विचारलं.

"साय पोळीवर घे."

मग बंड्याने सगळ्यांच्या मनातलं बोलून दाखवलं. कॉफी असली की चढत नाही, म्हणजे घरी स्वतः गाडी चालवत जाता येईल. सुनीचा आवाज एकदम बदलला. ती ब्लड बँकेत नोकरीला आहे.

"कॉफीने उतरत नाही, बंड्या. चढल्याचं कळत नाही एवढंच. रक्तातली दारू तेवढीच राहते, वर तुला वाटतं आपण टकाटक आहोत, म्हणून आणखी एक घेतोस. अमेरिकेत दारू आणि कॅफिन एकत्र भरलेले कॅन निघाले होते, २०१०मध्ये तिथल्या एफडीएने कंपन्यांना नोटिसा पाठवल्या."

"शंभर मिली रक्तात तीस मिलिग्रॅम," आप्पांनी जोड दिली. "त्यापुढे गुन्हा."

"आप्पा, मी रिक्षाने जाईन."

"आणि परमिट? घरात प्यायलाही परमिट लागतं. एक दिवसाचं पाच रुपयांत मिळतं. आणि मिलिंद, तुझा मुलगा बावीसचा. बिअर चालेल, व्होडका पंचविशीनंतर."

मिल्या म्हणाला, मुलगा मशीन चालवणार आहे, पिणार नाही. यावर कुणी काही बोललं नाही, कारण मागच्या थर्टी फर्स्टला शेकर कुणी चालवला होता ते सगळ्यांना आठवत होतं. मिल्याने स्वतः. त्यात सोडा घालून. झाकण पंख्याला लागलं आणि छत पुन्हा रंगवायचा खर्च त्याने आमच्यात वाटून घेतला होता.

"माझे साडेआठशे अजून निघतात त्यात," बंड्या म्हणाला.

"तुझा काय संबंध? तू तर तेव्हा बाथरूममध्ये होतास."

"म्हणूनच! मी पाहिलंसुद्धा नाही, तरी पैसे दिले."

भांडण छतावरून अलिबागच्या ट्रिपवर गेलं, तिथून सुनीच्या कुकरवर. तो मिल्याने नेला आणि शिट्टीशिवाय परत दिला, म्हणे. मिल्या शपथेवर सांगत होता की शिट्टी आधीपासूनच नव्हती. सुनीने विचारलं, मग तू त्यात भात शिजवलास कसा? मिल्या म्हणाला, शिजलाच नव्हता. आप्पांना हसता हसता ठसका लागला.

शेवटी ठरलं ते असं: जागा मिल्याची, फिल्टर सुनीचा, रम बंड्याची. मशीन चालू करायचं, पण त्यातून फक्त आप्पांसाठी कॉफी काढायची, कारण ते पीत नाहीत.

"फिल्टर मी आणीन," सुनी उठता उठता म्हणाली, "पण आत्ताच सांगते, त्याला चार भाग असतात. चारही मोजून परत घेणार."

"लिहून दे," मिल्या म्हणाला.

आप्पांनी खरंच खिशातून पेन काढलं.