घरचा कॅसिनो कसा वाढवावा

मुलगा नोकरी सोडून धंदा करायचं म्हणत असेल तर त्याला वडापावची गाडी, चहाची फ्रँचायझी असलं काही सुचवू नका. त्यात मेहनत फार, आणि चव जरा बिघडली की गिऱ्हाईक तोंडावर बोलतं. असा धंदा बघा की गिऱ्हाईक पैसे हरून जाईल, दोष आपल्याच नशिबाला देईल आणि पुढच्या खेपेला बायकोमुलांना घेऊन येईल.

असा धंदा आहे. तुमच्या सोसायटीतले निम्मे लोक तो बघूनही आलेत, फक्त त्यांना वाटतं आपण केबल कार बघितली. सिंगापूर-मलेशिया-थायलंडच्या सहलीत क्वालालंपूरला मुक्काम असतो, सकाळी बटू केव्हजच्या पायऱ्या आणि मग गेंटिंग हायलंड्स. थंडगार ढगांतून वर जायचं, फोटो काढायचे, मुलांनी पाळण्यात बसायचं. त्या डोंगराच्या पोटात मलेशियातला एकुलता एक कायदेशीर कॅसिनो आहे, आणि तो एका घराण्याचा आहे. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे म्हणा. पण वाड्याला भाडेकरू कितीही असोत, कोठीच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला आहेत ते बघावं.

सुरुवात गरिबीपासून करा. या घराण्याचे मूळपुरुष लिम गोह टोंग १९१८ मध्ये चीनच्या फुजियान प्रांतात जन्मले. वडील भाजीचं बी विकायचे, ते गेल्यावर बी विकायचं काम पोरवयात यांच्याकडे आलं. १९३७ मध्ये मलायात आले, काकांच्या हाताखाली सुतारकाम केलं, महायुद्धानंतर जुनी यंत्रं घेऊन विकली, मग धरणं-कालव्यांची कंत्राटं. तुमचं बालपण ठाण्यात दोन बेडरूममध्ये गेलं असेल तर काळजी नको, मुलाखतीत आजोबांचं बालपण सांगा.

पुढे डोंगर शोधा. १९६०च्या दशकात कॅमेरॉन हायलंड्समध्ये जलविद्युत प्रकल्पाचं काम करताना लिम यांना तिथली गार हवा आवडली आणि वाटलं, क्वालालंपूरच्या लोकांना हीच हवा जवळ मिळाली तर? राजधानीपासून पन्नासेक किलोमीटरवर उलू काली नावाचा डोंगर सापडला. घनदाट जंगल, रस्ता नाही. १९६५ मध्ये कंपनी काढली. भागीदार कोण घ्यावा? मोहम्मद नोआ ओमर, संसदेचे माजी सभापती. त्यांचे एक जावई १९७० मध्ये मलेशियाचे पंतप्रधान झाले, दुसरे १९७६ मध्ये. आपल्याकडे भागीदारी करताना माणूस गुजराती आहे की मारवाडी एवढंच बघतात. जावई किती आणि कुठल्या खात्यात, हे कोणी विचारत नाही. म्हणून मराठी माणूस मागे.

आता परवाना. इथं बहुतेक जण घाई करतात. जुगाराचा परवाना द्या म्हणून अर्ज केलात तर संस्कृती आडवी येते, मोर्चा येतो, आणि मलेशियासारख्या मुस्लिमबहुल देशात तर अर्ज टेबलावरून सरकणारसुद्धा नाही. त्याऐवजी रस्ता बांधा. लिम यांच्याकडे कंत्राटदाराची यंत्रं होतीच. काही वर्षं डोंगर फोडून त्यांनी स्वतःच्या खर्चानं रस्ता वर नेला आणि १९६९च्या मार्चमध्ये पंतप्रधान टुंकू अब्दुल रहमान यांना हॉटेलच्या पायाभरणीला बोलावलं. ओसाड डोंगराचा विकास खासगी पैशातून होतोय हे पाहून सरकारनंच कॅसिनोचा परवाना देऊ केला. १९७१ मध्ये २०० खोल्यांचं हॉटेल सुरू झालं. मुस्लिमांना मात्र कॅसिनोत प्रवेश नाही.

त्याच काळात मुंबईत मटका जोरात होता. आकडे तिथंही होते, रोजचं गिऱ्हाईक तिथंही होतं, हिशेब तर असा चोख की बँकेनं शिकावं. पण मटकेवाल्यांनी चिठ्ठ्या फाडण्यापलीकडे काही केलं नाही. एखादा घाटरस्ता बांधला असता तर त्यांचाही पुतळा उभा राहिला असता. कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्र सरकारनं १९७६ मध्ये कॅसिनोचं नियंत्रण आणि कर यांसाठी चक्क कायदा केला होता. तो कधी अंमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. सत्तेचाळीस वर्षं घरात पाळणा बांधून ठेवला आणि शेवटी मोडीत काढला. गोव्याने मात्र पंचतारांकित हॉटेलं आणि पाण्यावरच्या बोटी असा मार्ग काढला. पाप मांडवीच्या पाण्यात तरंगतं, काठाला लागत नाही.

तर परवाना आला. यापुढे जुगार हा शब्द तोंडातून काढायचा नाही. रिसॉर्ट म्हणा, मनोरंजन म्हणा, सगळ्यात उत्तम म्हणजे कुटुंब म्हणा. वर पाळणे बसवा, मुलांना भूक लागेल अशा बेताने खाण्याची दुकानं लावा. इतक्या खोल्या बांधा की लोक खोल्यांचाच फोटो काढतील. गेंटिंगवरच्या फर्स्ट वर्ल्ड हॉटेलात ७,३५१ खोल्या आहेत, गिनेसमध्ये नोंद झालेल्या. शिवाय देव हवा. लिम यांनी डोंगराच्या कड्यावर आपल्या गावाकडच्या चिन स्वी या देवाचं मंदिर बांधलं. केबल कार आता तिथं थांबते, म्हणजे देवदर्शन आणि कॅसिनो एकाच तिकिटात. भागीदाराच्या प्रतिष्ठानाच्या नावाची मशीदही आहे. धर्मराज काय काय हरला हे आपल्याकडे पोराटोरांना पाठ असतं. पण त्या खेळासाठी हजार खांबांची, शंभर दारांची सभा कोणी बांधून घेतली, तिकडे धंदेवाईक नजरेनं कोणी बघत नाही. शकुनी शेवटी पगारी माणूस.

आता गणित, कारण पोराला एवढं तरी यायला हवं. रुलेट म्हणजे फिरत्या चक्रात गोळी टाकून आकड्यावर पैसे लावायचा खेळ. एका शून्याच्या चक्रात ३७ खण असतात, १ ते ३६ आणि एक शून्य. तुम्ही ३७ खणांवर एकेक नाणं ठेवलंत तर एक आकडा नक्की लागेल. त्याचे ३५ मिळतील, शिवाय ते नाणं परत. झाले ३६. सदतिसावं मालकाकडे राहिलं. आपल्याकडच्या पत्त्यांच्या अड्ड्यावर याला नाल म्हणतात, आणि ती मागायला एक दांडगा माणूस ठेवावा लागतो. इथं नाल चक्रातच बसवलेली आहे, शंभराला पावणेतीन. दांडगा माणूस नको, टाय लावलेली हसरी मुलगी पुरते. मालकाला लबाडी करावी लागत नाही, फक्त दिवे चालू ठेवावे लागतात.

आमच्या सहलीतले एक काका, निवृत्त बँक अधिकारी, कर्जाच्या अर्जावर मोडकी सही चालवून न घेणारे. गाइडनं सांगितलं, कॅसिनो नुसता बघायचा असेल तर वय २१ पूर्ण हवं, चपला चालणार नाहीत. काकांनी त्यासाठी बूट आणलेच होते, हे काकूंच्या तेव्हा लक्षात आलं. ‘नुसता बघून येतो’ म्हणून ५० रिंगिटची मलेशियन नोट घेऊन गेले. पाऊण तासानं बाहेर आले ते आणखी ५० न्यायला. यंत्रानं मधे एकदा ६८ दाखवले होते. तेव्हा उठलो असतो तर आपण फायद्यात होतो, हे त्यांनी आम्हाला उतरताना काचेच्या तळाच्या केबल कारमध्ये बसून, खाली जंगलाकडे बघत, तीनदा सांगितलं. काकू शाल घट्ट करून चकलीचा डबा उघडत होत्या. रात्री काकांनी खर्चाची वही काढली. मी डोकावलो. ‘मंदिर, केबल कार व इतर – २०० रिंगिट.’

या ‘इतर’वर घराणं चालतं.

२००३च्या अखेरीस लिम यांनी सूत्रं मुलाकडे, लिम कोक थाय यांच्याकडे दिली आणि २००७ मध्ये ते वारले. मुलानं पसारा वाढवला. सिंगापूरनं २०१० मध्ये कॅसिनो उघडू दिला, सेंटोसा बेटावर, युनिव्हर्सल स्टुडिओच्या शेजारी. सिंगापूर सरकार मात्र हिशेबी. आपल्या नागरिकांकडून कॅसिनोत शिरायला पूर्वी दिवसाला १०० सिंगापुरी डॉलर घ्यायचं, २०१९ पासून १५०. परदेशी पाहुण्यांना फुकट. आणि घरातला माणूस हाताबाहेर गेला तर कुटुंबीय अर्ज करून त्याला कॅसिनोत प्रवेशबंदी करून घेऊ शकतात. कुटुंबानं चालवलेली, कुटुंबासाठी बांधलेली जागा, आणि कुटुंबानंच भरायचा फॉर्म. २०२१ मध्ये लास व्हेगासला ४.३ अब्ज डॉलरचं रिसॉर्ट उघडलं. तिथं बेकायदा बुकी टेबलावर बसून खुशाल खेळत होते. २०२५ मध्ये नेवाडाच्या नियामकांनी एक कोटी पाच लाख डॉलर दंड केला. अतिथी देवो भव पाळावं, पण देवाचं पॅनकार्ड बघून.

एकच गोष्ट करू नका. टेबलाच्या पलीकडच्या, गिऱ्हाईकाच्या खुर्चीत बसू नका. याच घराण्याच्या हाँगकाँगच्या कंपनीनं जहाजं चालवता चालवता २०१६ मध्ये जर्मनीतले जहाजबांधणीचे कारखाने घेतले आणि नऊ हजारांहून जास्त प्रवाशांचं जहाज बांधायला काढलं. मग कोरोना आला. २०२२च्या जानेवारीत कारखाने दिवाळखोरीत, पाठोपाठ कंपनीही, आणि लिम कोक थाय यांनी तिथला राजीनामा दिला. अर्धवट जहाज डिस्नेनं विकत घेतलं. मधे एकदा उठले असते तर तेही फायद्यात होते. काकांची आठवण आली म्हणून सांगितलं, एरवी दोघांच्या ‘इतर’मध्ये पुष्कळ फरक आहे.

तरी मूळ डोंगर शाबूत आहे. चक्र फिरतंय, पाळणे फिरतायत, दर हंगामात आपल्या बसेस वर चढतायत. तेव्हा पोराला सांगा, लाग कामाला, आधी डोंगर बघ.

दुसऱ्या दिवशी आम्ही सिंगापूरला उतरलो. इमिग्रेशनच्या रांगेतून बाहेर पडताना काकांनी गाइडला हळूच विचारलं, सेंटोसाला संध्याकाळी मोकळा वेळ किती आहे, आणि तिथं आत जायला काय लागतं. गाइड म्हणाला, आपल्याला काही नाही, फक्त पासपोर्ट. काकूंनी हात पुढे केला, काकांचा पासपोर्ट घेतला आणि चकलीच्या डब्याखाली ठेवून पर्सची चेन लावली.