मेंदूच्या म्हातारपणावरचे संशोधन : खर्च कोणी केला, हेही सांगा

वाढत्या वयात स्मरणशक्ती कशी टिकवावी, या विषयावर नागपुरात व्याख्यान असले की सभागृह भरते. पडद्यावरचा आलेख श्रोते वहीत उतरवून घेतात. पण त्या अभ्यासाचा खर्च कोणी केला आणि स्वतः वक्त्याचा खर्च करणाऱ्या कंपनीशी काही संबंध आहे का, हे कोणी विचारत नाही. असे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे, हा समज मला अजिबात मान्य नाही.

लेकानेमॅब हे औषध अल्झायमरचा वेग २७ टक्क्यांनी कमी करते, असे २०२२ मध्ये आपण सर्वांनी वाचले. त्याच चाचणीचा दुसरा आकडा असा, की दीड वर्षानंतर औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यातला फरक स्मृती आणि दैनंदिन व्यवहार मोजणाऱ्या १८ गुणांच्या मोजपट्टीवर ०.४५ गुणांचा होता, आणि औषध घेणाऱ्यांपैकी साधारण आठांत एकाच्या मेंदूत स्कॅनमध्ये सूज आढळली. २७ टक्के आणि ०.४५ गुण हे एकाच फरकाचे दोन्ही आकडे खरे आहेत. चाचणीचा खर्च एसाय आणि बायोजेन या औषध कंपन्यांनीच केला होता, आणि शोधनिबंधात तसे स्पष्ट नमूदही आहे. मात्र निबंधातली ही ओळ बातमीत क्वचितच उतरते, आणि म्हणून कोणता आकडा पुढे केला गेला व का, हे वाचकाला ताडून पाहता येत नाही.

बायोजेनच्याच अड्युकॅनुमॅब या अल्झायमरवरच्या दुसऱ्या औषधाची हकीकत याहून गंभीर आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने नोव्हेंबर २०२० मध्ये प्रतिकूल मत दिले, तरी जून २०२१ मध्ये मंजुरी मिळाली आणि वर्षाची किंमत ५६,००० डॉलर ठरली. तीन सल्लागारांनी राजीनामे दिले. पुढे संसदीय चौकशीत कंपनी आणि प्रशासन यांच्यातल्या अनेक भेटींची नोंदच नसल्याचे उघड झाले, आणि २०२४ मध्ये कंपनीने औषध बंद करण्याची घोषणा केली.

खासगी पैसा आला की संशोधन डागाळले, असे मात्र मी म्हणणार नाही. कर्नाटकातल्या श्रीनिवासपूर भागातील ग्रामस्थांच्या मेंदूचा जो दीर्घ अभ्यास बंगळुरूचे ‘सेंटर फॉर ब्रेन रिसर्च’ करत आहे, त्यामागे इन्फोसिसचे सहसंस्थापक क्रिस गोपालकृष्णन यांच्या न्यासाची देणगी आहे आणि ती उघडपणे सांगितली जाते. माझा आग्रह एवढ्याच उघडपणाचा आहे.

आपल्या देशात औषध चाचणीची सार्वजनिक नोंदणी जून २००९ पासून सक्तीची आहे. प्रायोजक कोण, पैसा कोठून आला, संशोधन नैतिक आहे का हे तपासणाऱ्या नीतिसमितीची मान्यता आहे की नाही, हे सारे त्या नोंदीत कोणालाही पाहता येते. परंतु ती इंग्रजीत असते, आणि स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांच्या वतीने संमतिपत्रावर सही करणारा मुलगा बहुधा तिथवर पोहोचत नाही. ज्याला स्वतःला नकार देता येत नाही, अशा माणसासाठी तो निर्णय घेत असतो. म्हणून संमतिपत्राच्या पहिल्याच पानावर, सोप्या मराठीत, चाचणीचा खर्च कोण करते आणि प्रत्येक रुग्णामागे डॉक्टरांना किंवा रुग्णालयाला काही रक्कम मिळते का, हे लिहिलेले असावे, असे मला कळकळीने वाटते.

आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाला मी लेखी सूचना दिली आहे, की यापुढे आरोग्यविषयक वक्त्याने आपले आर्थिक हितसंबंध व्याख्यानाच्या आरंभीच सांगावेत आणि कार्यक्रमाचा खर्च कोणी उचलला, हे निमंत्रणपत्रिकेत छापावे. शहरातल्या इतर मंडळांनीही अशी अट घालावी, अशी माझी विनंती आहे.