जरा नजर टाकता का?

‘जरा नजर टाकता का?’ हे चार शब्द कानांवर पडले, की माझ्या पोटात गोळा येतो. बोलणाऱ्याच्या हातात एक कागद असतो, कागदावर इंग्रजी असते आणि ते माझ्या हवाली करून दहा मिनिटांत निर्दोष अवस्थेत परत नेण्याचा त्याचा निर्धार असतो. मी भाषेचा प्राध्यापक नाही, संपादकही नाही. माझे सारे आयुष्य हिशेबाच्या वह्या तपासण्यात गेले आहे. हा लौकिक माझ्या वाट्याला केवळ एका ‘एस’मुळे आला. कोणाच्या तरी निरोप समारंभाच्या सूचनेत ‘वन ऑफ अवर सीनियर कलीग’ असे छापले होते आणि ‘वन ऑफ’ नंतरचे नाम अनेकवचनीच हवे, कारण अनेकांतून एक निवडायचा तर आधी अनेक असावे लागतात, असे मी चारचौघांत बोलून गेलो. ज्यांचा निरोप समारंभ होता ते बाजूला राहिले आणि ‘कलीग’चे ‘कलीग्ज’ करणारा मी त्या दिवसापासून कार्यालयाचा व्याकरणाचार्य झालो.

आचार्यपदाची पहिली कसोटी तापाच्या रूपाने आली. आमचे एक सहकारी रजेचा अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी उभे राहिले. अर्जात लिहिले होते, ‘आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर सिन्स थ्री डेज.’ त्यांचे डोळे लाल होते, नाक त्याहून लाल होते आणि वाक्यात चुका दोन होत्या. मी त्यांना बसवले आणि सांगितले, की ‘सिन्स’ला काळाचा आरंभबिंदू लागतो, म्हणजे सोमवार, सकाळ किंवा 2019; आणि अवधी मोजायचा असेल, तर ‘फॉर’ वापरावे लागते. मराठीत ‘सोमवारपासून’ आणि ‘तीन दिवसांपासून’ या दोन्ही ठिकाणी एकच ‘पासून’ बिनतक्रार राबतो, म्हणून आपल्याला हा भेद जन्मतः दिसत नाही. शिवाय ताप मागे सुरू होऊन आजही चालू असल्याने क्रियापद ‘हॅव बीन सफरिंग’ असे हवे.

‘एवढे लांब क्रियापद कशाला, सर? ताप साधाच आहे,’ ते शिंकत म्हणाले.

मी कागदावर एक आडवी रेघ मारली, तिच्या एका टोकाला सोमवार ठेवला, दुसऱ्या टोकाला आजचा दिवस ठेवला आणि मध्ये ताप पसरून दाखवला. ते कुडकुडत ऐकत होते. वाक्य निर्दोष झाले, तेव्हा त्यांची अर्ध्या दिवसाची रजा माझ्या टेबलाशीच खर्च झाली होती. खरे सांगायचे, तर सराईत इंग्रज माणूस ‘आय हॅव हॅड अ फीवर फॉर थ्री डेज’ असे लिहून मोकळा होईल. पण ‘हॅव’ आणि ‘हॅड’ एकमेकांना चिकटून का बसले आहेत, हे त्या अवस्थेतील माणसाला समजावणे मला माणुसकीला धरून वाटले नाही.

चुकांचे एक बरे असते. त्या बव्हंशी ठरावीक असतात. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ हे वाक्य मी इतक्या वेळा दुरुस्त केले आहे, की जणू भाऊ असण्याची क्रिया सध्या चालू असून सायंकाळपर्यंत आटोपेल, या कल्पनेचे मला आता हसूही येत नाही. ‘रिटर्न बॅक’मधला ‘बॅक’ आणि ‘रिपीट अगेन’मधला ‘अगेन’ मी न वाचताच खोडतो. ‘डिड यू वेंट’ म्हणजे दाराला कुलूप लावून वर कडीला दोरीही बांधण्याचा प्रकार आहे. ‘डिड’ने भूतकाळ एकदा सांगितला, की मुख्य क्रियापदाने आपल्या मूळ रूपात स्वस्थ बसायचे असते, पण आपल्या मनाला एका कुलपावर भरवसा नसतो.

खरे दुखणे ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ यांचे आहे. ‘द’ हा इंग्रजीत सर्वाधिक वापरला जाणारा शब्द आणि नेमका त्यालाच मराठीत प्रतिशब्द नाही. त्यामुळे काही लोक तो मुळीच लिहीत नाहीत, तर काही जण देवावर फुले उधळावीत तसा तो पानभर उधळतात. ‘अ’ आणि ‘ॲन’ यांच्या बाबतीत मात्र मला एकदाच, पण भरघोस, यश आले. पुतण्या ‘ॲन युनिव्हर्सिटी’ लिहून माझ्याशी भांडत होता. ‘काका, यू हा स्वर आहे, आणि स्वरापूर्वी ॲन येते,’ असा त्याचा बिनतोड मुद्दा होता. मी त्याला तो शब्द देवनागरीत लिहायला सांगितले. त्याने ‘युनिव्हर्सिटी’ लिहिले आणि पहिल्या अक्षराकडे पाहून गप्प झाला. ‘य’ हे व्यंजन आहे हे त्याला मी सांगायची गरज उरली नाही. मग आम्ही ‘अवर’ लिहिला. इंग्रजीत त्याच्या दाराशी ‘एच’ उभा असतो, पण देवनागरीत तो दिसतच नाही, म्हणून ‘ॲन अवर’. ‘वन-वे’ व्यंजनाने सुरू होतो, म्हणून ‘अ वन-वे स्ट्रीट’. ‘एमबीए’ स्वराने सुरू होतो, म्हणून ‘ॲन एमबीए’. नियम अक्षराचा नसून उच्चाराचा आहे, हे ज्या इंग्रजी लिपीला स्वतःच्या पोरांना दाखवता येत नाही, ते आपली लिपी चुटकीसरशी दाखवते. त्या दिवशी मला देवनागरीचा एवढा अभिमान वाटला, की तिच्यात ‘इट्स’ आणि ‘इट्स’ हे दोन्ही शब्द, म्हणजे ‘त्याचे’ आणि ‘ते आहे’, हुबेहूब एकसारखेच लिहिले जातात, ही गोष्ट मी पुतण्यापासून लपवून ठेवली.

बरोबरीच्या आणि धाकट्या माणसांच्या चुका सुधारणे तुलनेने सोपे असते. साहेबांच्या पत्रात ‘वुई शॅल डिस्कस अबाउट द मॅटर’ असे वाक्य आले, तेव्हा ‘डिस्कस’च्या पोटातच ‘विषयी’ आहे, म्हणून ‘अबाउट’ नको, असे मी शक्य तितक्या लवून सुचवले. साहेबांनी ते काढून वाक्य मोठ्याने वाचले, थोडा वेळ छताकडे पाहिले आणि ‘अहो, उघडेबोडके वाटते’ असे म्हणून ‘अबाउट’ परत बसवले. उलट माझ्याच एका मसुद्यात वाक्याच्या शेवटी ‘विथ’ आलेला पाहून त्यांनी त्याच्याभोवती लाल वर्तुळ काढले. वाक्याचा शेवट शब्दयोगी अव्ययाने करू नये, असा नियम त्यांनी लहानपणी पाठ केला होता.

या नियमाची कुळकथा मला ठाऊक होती आणि ती न सांगता गप्प बसणे माझ्या हातून झाले नाही. जॉन ड्रायडन या कवीने 1672 मध्ये बेन जॉन्सन या नाटककाराच्या एका वाक्याच्या शेवटी लोंबणारे असेच अव्यय दाखवून नाक मुरडले. नंतर त्यांनी आपल्याच 1668 च्या निबंधाची नवी आवृत्ती 1684 मध्ये काढताना त्यातली अशी अव्यये शेवटून उचलून आत नेऊन बसवली. पुढे 1762 मध्ये रॉबर्ट लाउथ या धर्मोपदेशकाने इंग्रजीचे व्याकरण लिहिले आणि त्यात या लकबीविषयी जे मत नोंदवले त्याचा आशय असा, की आपली भाषा हिच्याकडे फार झुकते. आणि हे सांगणारे त्यांचे वाक्य ‘स्ट्राँगली इन्क्लाइन्ड टू’ असे, म्हणजे नेमक्या त्याच लकबीत, ‘टू’वर येऊन थांबते. म्हणजे हा नियम नसून आवडीनिवडीचा प्रश्न आहे, असे मी निवेदन केले. साहेबांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि ‘तरीपण बदला’ असे सांगितले. मी बदलले. नंतर ते वाक्य इतके अवघडून बसलेले दिसले, की त्याला पाहून मलाच पाठदुखी जाणवू लागली.

या व्यवसायबाह्य व्यवसायाने माझ्यावर जो परिणाम केला, तो मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अनेक वर्षे दुरावलेल्या एका मित्राचा एके रात्री अचानक संदेश आला, ‘डिड यू फरगॉट मी?’ माझ्या मनात सर्वांत आधी ‘फरगेट’ उमटले. त्यानंतर त्याचा चेहरा आला, त्यानंतर आमचे भांडण आले आणि गळा दाटून यायचा तो सर्वांत शेवटी, चौथ्या क्रमांकावर, आला. उत्तरात मी ‘नाही’ एवढेच मराठीतून लिहिले. इंग्रजीतून लिहिले असते, तर त्याचे वाक्य सुधारल्यावाचून माझा हात थांबला नसता.

सुधारणाऱ्यांनाही एक शाप आहे आणि त्याचे रीतसर नामकरण झालेले आहे. जॉन बँगसंड या ऑस्ट्रेलियन संपादकाने 1992 मध्ये ‘मफ्रीचा नियम’ सांगितला. दुसऱ्याच्या लेखनातील चुका दाखवणारा मजकूर तुम्ही लिहिलात, की त्यात तुमची स्वतःची एखादी चूक असणारच, असा तो नियम आहे. ‘जे बिघडू शकते ते बिघडतेच’ या मर्फीच्या प्रसिद्ध नियमाचे हे जाणूनबुजून चुकवलेले नाव आहे. मी तो प्रथम वाचला, तेव्हा लाल पेनाने ‘मफ्री’ खोडून वर ‘मर्फी’ असे लिहिले होते. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे, पण कोणाला दाखवत नाही.

तरीही माणूस धडा घेत नाही. रोजच्या ‘जरा नजर टाका’ला कंटाळून मी नेहमीच्या चुकांचे एक पानभर टिपण तयार केले आणि त्याच्या प्रती सर्वांच्या टेबलांवर ठेवल्या. त्यानंतर तासाभराने तापवाले सहकारी, आता ठणठणीत बरे झालेले, तो कागद घेऊन आले. त्यांचे बोट पहिल्याच ओळीवर होते. मी आधी ‘द मोस्ट कॉमन मिस्टेक’ असे लिहिले होते; मग दावा फार मोठा वाटला म्हणून नम्रपणे मागे ‘वन ऑफ’ जोडले आणि पुढचा ‘मिस्टेक’ जसाच्या तसा राहिला.

‘सर, इथे एस हवा ना?’ त्यांनी अतिशय आदराने विचारले. ‘अनेकांतून एक निवडायचा तर आधी अनेक असावे लागतात, असे तुम्हीच म्हणाला होतात.’

‘ती चूक मुद्दाम ठेवली आहे,’ मी म्हणालो. ‘लोक लक्ष देऊन वाचतात की नाही, हे पाहायचे होते.’

‘असे होय!’ त्यांनी कागदाची व्यवस्थित घडी घातली. ‘मग मुद्दाम ठेवलेल्या दोन आहेत.’

एवढे बोलून ते आपल्या जागेवर गेले. दुसरी मला अजून सापडलेली नाही.