नागिणीचं दुखणं आणि ‘डोक्याची गोळी’: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नागिणीनंतरच्या दुखण्यावर देतात त्या ॲमिट्रिप्टिलिनबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर तुमचे आक्षेप दोन. नागीण सुकल्यावर मागे राहिलेल्या जळजळीला ॲमिट्रिप्टिलिनसारखी नैराश्याची गोळी देणं म्हणजे माणसाला गुंगीत ठेवणं; आणि तिची सवय लागते. शिवाय ७२ वर्षांच्या सासूबाईंना २५ मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली आणि तिसऱ्या रात्री त्या बाथरूमला जाताना पडल्या.

पडण्याबद्दल आधी, कारण तिथे चूक माझी आहे. सुरुवातीचा डोस ‘१० ते २५ मिलिग्रॅम’ असं मी त्या लेखात सरसकट लिहिलं. या वयात १०च्या वर सुरुवात करू नये, आणि वाढवायचीच तर आठवड्या-दोन आठवड्यांनी १०-१०ने. या गोळीने उठल्याबरोबर बीपी उतरतं, त्यात झोपेची धुंदी. बीपीची किंवा प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर आणखीच. रात्री उठताना पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसायचं, दिवा लावायचा, मगच पाय उचलायचा. डोकं आपटलं असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आजच दवाखाना गाठा. डोस कमी करायचा, थांबवायचा की तिच्याच जातीची नॉरट्रिप्टिलिन द्यायची, हेही तिथेच ठरेल. ती थोडी सौम्य पडते.

गुंगीचं म्हणणं मात्र पटत नाही. नैराश्याला साधारण ७५ ते १५० मिलिग्रॅम लागतात, नसांच्या दुखण्याला त्याहून बरंच कमी पुरतं. मेंदूकडून मणक्यात उतरणारे, वेदना दाबणारे संदेश ॲमिट्रिप्टिलिन बळकट करते. मूड सुधारो न सुधारो, दुखणं उतरू शकतं. सगळ्यांचं उतरत नाही, आणि उतरायलाही काही आठवडे जातात. तोंडाला कोरड आणि बद्धकोष्ठ मात्र पहिल्याच आठवड्यात हजर!

सवयीचं म्हणाल, तर झोपेच्या गोळीसारखी तलफ येत नाही. पण महिनोन्‌महिने घेऊन एकदम सोडली तर मळमळ, डोकेदुखी, झोपमोड होते. म्हणून चारेक आठवड्यांत उतरवत आणायची.

तुम्ही न विचारलेलं मला जास्त धोक्याचं वाटतं. त्याच दुखण्याला दुसऱ्या डॉक्टरांनी ट्रामाडॉल (जोरदार वेदनाशामक) दिली असेल तर दोन्ही मिळून फिटचे झटके येऊ शकतात. काचबिंदू, लघवी अडकणं, नुकताच आलेला हार्ट अटॅक, हे आधी सांगायलाच हवं. उतारवयात ईसीजीही काढून घ्यावा. जास्त गोळ्या पोटात गेल्या तर हृदयाची लय बिघडते. नातवंडं घरात असतील तर पाकीट कुलपात ठेवा, उशाशी नको.