पांडवलेणीच्या दगडात "30 कोटी वर्षांचा किडा" सापडलेला नाही

नाशिकच्या ग्रुपांवर एक फोटो फिरतोय, पांडवलेणीच्या खडकात मोन्युरा नावाचा नामशेष किडा जिवंत सापडला म्हणे. प्लीज पुढे पाठवू नका. फोटोत मागे तीन शेपट्या स्पष्ट दिसतायत, ती साधी कसर आहे, जुन्या पुस्तकांत-कपाटात असते तीच. मोन्युराला मागे एकच लांब दोरा असायचा, बाजूचे दोन नसायचेच, ओळखायची मुख्य खूण तीच.

आणि खडकाचं बघा ना, आपल्या नाशिकचा काळा दगड म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, लाव्हा थंड होऊन झालेला, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, मग त्यात 30 कोटी वर्षांपूर्वीचा किडा येणार कुठून? मोन्युराचे जीवाश्म मिळाले ते फ्रान्समध्ये कॉमेंट्रीला, सायबेरियात कुझनेत्स्कला वगैरे, कार्बनी आणि पर्मियन काळातल्या, म्हणजे साधारण 36 ते 25 कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत. शारोव या रशियन शास्त्रज्ञाने 1957 मध्ये त्यांचा वेगळा गट मांडला, आता बरेच अभ्यासक त्यांना आजच्या उड्या मारणाऱ्या बिनपंखी ब्रिसलटेल किड्यांच्याच घराण्यात धरतात. पंख नव्हतेच त्यांना, कीटकांना पंख फुटायच्या आधीची ठेवण कशी होती ते यांच्यावरून कळतं, म्हणून तर खोटी माहिती फिरली की जीव तुटतो. ज्यांनी फोटो टाकलाय त्यांनी तो काढून टाकावा ही विनंती.