हात काळे न करता

सोसायटीच्या आवारात सकाळी पावणेआठच्या सुमारास कोणाची तरी मोटारसायकल सुरू होत नाही असे कानावर आले, की हातातला चहा घेऊनच खाली उतरावे. चहा संपवून उतरणारा माणूस उशिरा पोहोचतो आणि तोवर प्लगपासून पिस्टनपर्यंतची सगळी चांगली निदाने इतरांनी बळकावलेली असतात. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत दुचाक्या एकोणतीस आणि त्या लावायला जागा जेमतेम अठरांची, त्यामुळे एक गाडी बंद पडली की तिच्यामागे अडकलेल्या पाच-सहा जणांना परोपकाराची अनावर इच्छा होते. मुंबईतल्या दुचाकीस्वारांच्या बंधुभावाचा उगम बहुधा या दाटीतच असावा. ही इच्छा रीतसर कशी पार पाडावी याचे काही नियम अनुभवाने सिद्ध झाले आहेत, आणि त्यांतले बहुतेक माझ्याच गाडीवर सिद्ध झाले असल्यामुळे मी ते अधिकाराने सांगू शकतो.

गाडीच्या मालकाला नेमके काय होते आहे, ते कधीही विचारू नये. सेल्फ फिरतो का, दिवा लागतो का, काल रात्री गाडी नीट आली होती का, अशा प्रश्नांनी शक्यता कमी होत जातात, आणि शक्यता कमी झाल्या की जमलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला एकेक मत पुरत नाही. त्यापेक्षा दोन पावलांवरूनच ‘प्लग काढ’ असे म्हणावे. प्लग हा इंजिनात ठिणगी पाडणारा असा भाग आहे, जो दोन मिनिटांत हातात येतो आणि ज्याच्याकडे पाहून काहीतरी उमगल्याचा चेहरा करता येतो. जाणकार सांगतात, की त्याचे टोक फिकट तपकिरी असेल तर पेट्रोल आणि हवा यांचे प्रमाण योग्य असते, काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जात असते आणि टोक पांढुरके पडले असेल तर कमी. आपण या तपशिलात शिरू नये. प्लग उजेडाकडे धरावा, त्यावर फुंकर मारावी आणि ‘हं’ म्हणावे; हा हुंकार तिन्ही रंगांना सारखाच लागू पडतो. टोकांमधली फट मिलीमीटरपेक्षाही कमी असते आणि तिचा नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत छापलेला असतो. परंतु पुस्तिका उघडून पाहणाऱ्या माणसाला आपल्याकडे कच्चा समजतात, म्हणून प्लग फरशीवर दोनदा आपटून ती फट अंदाजाने जुळवावी.

निदान करताना नेहमी आपल्या तरुणपणीच्या गाडीचा दाखला द्यावा. ज्यांनी यामाहा आरएक्स 100 चा आवाज ऐकत कॉलेज संपवले आणि ज्यांनी वडिलांची बजाज चेतक एका अंगावर कलती करून मग किक मारली, ती मंडळी आमच्या आवारात आजही बहुमतात आहेत. दरम्यान 1 एप्रिल 2020 पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-सहा हे निकष लागू झाले, बहुतेक नव्या मोटारसायकलींतून हवेत पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर गेला, त्याच्या जागी इंजेक्टर आणि सेन्सर आले, आणि किती हवेत किती पेट्रोल सोडायचे हे ठरवण्याचे काम सीटखालच्या एका डबीकडे गेले. या गोष्टीचा आपल्या मतावर परिणाम होऊ देऊ नये. ‘कार्ब्युरेटरमध्ये कचरा असणार’ हे वाक्य पूर्वीच्याच ठामपणे उच्चारावे. या गाडीला कार्ब्युरेटरच नाही, असे तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा म्हणाला, तर ‘म्हणूनच तर सुरू होत नाही’ असे उत्तर देऊन मोकळे व्हावे.

पावसाळ्यात सल्ल्याला विशेष धार चढते, कारण हिंदमाता, मिलन सबवे किंवा अंधेरी सबवे यांपैकी कुठेतरी कोणाची ना कोणाची गाडी पाण्यात बंद पडलेली असतेच. अशा गाडीला किक मारायला सांगणे हे आपले पहिले कर्तव्य होय. एअर फिल्टरवाटे पाणी सिलिंडरमध्ये गेलेले असेल, तर ते हवेसारखे दाबले जात नाही; वर येणारा पिस्टन त्यावर अडतो आणि जोर जास्त झाला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून प्लग काढून, इंजिन हलक्या हाताने फिरवून आधी पाणी बाहेर घालवावे आणि ऑइल चहासारखे दुधाळ झाले असेल तर तेही बदलावे, असे मेकॅनिक म्हणतात. पण इतका वेळ भर पावसात छत्री धरून उभे राहणे बघ्यांच्या प्रकृतीला मानवत नाही. आपण ‘मार अजून एक, आता होईल’ असे म्हणत राहावे आणि मधल्या वेळात 26 जुलै 2005 ची आठवण सांगावी. त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलीमीटर पावसाची नोंद झाली होती. हा आकडा आता बदलण्याची सोय नाही, मात्र आपण ज्या पाण्यातून गाडी काढली ते पाणी दर वर्षी चार बोटे वर चढवायला कोणाची हरकत नसते. आमच्या आवारातले एक गृहस्थ 2005 साली गुडघाभर पाण्यातून घरी आले होते. यंदा ते पाणी त्यांच्या छातीला लागले आहे.

कधी कधी मात्र प्रत्यक्ष हात लावल्याशिवाय सुटका नसते, विशेषतः रविवारी, जेव्हा एखादा उत्साही शेजारी घरच्या घरी ऑइल बदलायला बसलेला असतो. मोटारसायकलीत क्लचच्या प्लेटा बहुधा इंजिनाच्याच ऑइलमध्ये भिजत असतात, त्यामुळे घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेले मोटारगाडीचे ऑइल त्यात ओतले तर क्लच घसरू लागतो, आणि म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ ही अशा भिजलेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण शोधावी लागते. ती खूण शोधू देण्यापूर्वीच मेहुण्याच्या मोटारीतून उरलेला डबा पुढे करावा. ड्रेन बोल्ट तर स्वतःच आवळून द्यावा. माझ्या गाडीचा बोल्ट असाच एका सद्गृहस्थांनी आवळून दिला होता. बोल्ट पोलादाचा असतो आणि तो जिथे बसतो ते इंजिनाचे आवरण ॲल्युमिनियमचे असते, त्यामुळे दोघांची जुंपली की आटे ॲल्युमिनियमचेच जातात. ‘अजून अर्धा आटा बसतो बघा’ असे म्हणत त्यांनी शेवटचा जोर लावला, तेव्हा पाना एकाएकी हलका फिरू लागला आणि त्यांच्या चेहऱ्यावर कार्यसिद्धीचे समाधान पसरले. पुढचे तीन आठवडे माझी गाडी जिथे उभी राही तिथे तेलाचा डाग पडत असे. त्या डागाबद्दल सोसायटीकडे लेखी तक्रार करणाऱ्या तिघांत पहिली सही त्याच सद्गृहस्थांची होती, आणि ती मला त्यांच्या तत्त्वनिष्ठेची खूण वाटते.

हत्यारांच्या बाबतीत एकच पथ्य पाळावे: ती आपली नसावीत. दहाचा रिंगपाना ज्याच्याकडे असतो, त्याच्याकडे तो फार काळ राहत नाही, आणि तो सध्या कोणाकडे आहे हे सांगणे कठीण असते. मागायला गेल्यावर ‘मी तर तेव्हाच दुसऱ्या विंगमध्ये दिला’ असे सांगितले जाते, आणि दुसऱ्या विंगमध्ये चौकशी केली तर तिथले लोक आपल्यालाच पाण्याचा पंप चालू करायला सांगतात. खंडेनवमीला घरोघरी हत्यारांना हळदकुंकू वाहिले जाते. त्या दिवशी शेजाऱ्यांच्या पाटावर नजर टाकली तर आपला पाना झेंडूच्या फुलाखाली सुखरूप असल्याचे दिसते. पूजेतली वस्तू उचलून आणण्याचे धाडस मला अजून झालेले नाही.

सुटा भाग लागणार असेल तर तो गाडीवाल्याला अधिकृत दुकानातून मुळीच घेऊ देऊ नये. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा चोर बाजारात आपला एक माणूस आहे, असे सांगावे आणि वर ‘माझे नाव सांग’ असे जोडावे. दुकानदाराने ते नाव यापूर्वी ऐकलेले नसते, पण ते ऐकून तो पन्नास रुपये वाढवतो, यावरून नावाला काहीतरी वजन आहे हे सिद्ध होतेच.

एवढे सगळे जमले, तरी एका माणसापासून सावध राहावे. आमच्याकडे तळमजल्यावर बेस्टच्या डेपोतून निवृत्त झालेले एक फिटर राहतात. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलाची गाडी अडली, तेव्हा प्लग दोनदा निघाला होता, बॅटरी बदलण्यावर एकमत होत आले होते, कोणी धक्का मारून पाहावा म्हणत होते आणि मुलाने रिक्षाने जातो म्हटल्यावर सगळ्यांनी त्याला अडवून ठेवले होते. तेवढ्यात हे गृहस्थ दूध घेऊन आले. त्यांनी पिशवी हँडलला अडकवली आणि मुलाला विचारले, “सेल्फ दाबल्यावर आवाज येतो का रे?” मुलगा म्हणाला, “नाही काका, काहीच नाही.” ते खाली वाकले. नव्या गाड्यांत साइड स्टँड खाली असताना गिअर टाकला तर इंजिन बंद व्हावे यासाठी स्टँडजवळ एक स्विच दिलेला असतो, आणि या मुलाच्या गाडीत स्टँड वर आहे असे त्या स्विचला कळेपर्यंत सेल्फही लागत नाही. आदल्या रात्रीच्या चिखलाने तो स्विच पार लिंपून गेला होता. काकांनी बागेच्या नळाचे पाणी आणि एक जुना दातांचा ब्रश मागवला, दोन मिनिटे घासले, सेल्फ दाबला आणि सुरू झालेली गाडी तशीच सोडून, दुधाची पिशवी उचलून ते घरात गेले. धन्यवाद ऐकायलासुद्धा थांबले नाहीत, यावरून त्यांचा स्वभाव किती तुसडा आहे हे लक्षात यावे.

अशा वेळी जमलेल्यांची मोठी पंचाईत होते, पण गांगरून जाऊ नये. मुलगा हेल्मेट घालत असतानाच त्याच्या खांद्यावर हात ठेवून ‘प्लग साफ केला म्हणून घेतली बघ’ असे सांगावे. चहाचा कप बाकावरून आठवणीने उचलावा. आणि त्याचा प्लगपाना आपल्या खिशात राहिला असेल, तर तो तिथेच राहू द्यावा. खंडेनवमी काही फार लांब नाही.